हॉर्नबीम: तुळई की झाड?

नीलकंठी: एका इंग्रजी बालकथेचा अनुवाद करतेय. जंगलाच्या वर्णनात 'हॉर्नबीम' आलंय. मी 'शिंगतुळई' केलं, तर संपादकबाईंनी त्यावर काट मारली. झाडाच्या नावात तुळई आली कुठून? आणि मराठीत काय म्हणू?

रानवाट: ती तुळई नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'बीम' म्हणजे झाड. जर्मन 'बाउम', डच 'बोम' त्याचेच भाऊबंद. झाड तोडून घरावर आडवं टाकलं की तुळई. पुढे इंग्रजीत तो अर्थ राहिला आणि झाड फक्त अशा नावांत उरलं. 'हॉर्न' म्हणजे शिंगासारखं टणक. गिरण्यांच्या लाकडी चाकांचे दाते, खाटकाचा ठोकळा यांसाठी हेच लाकूड घेत.

आडगाव: मी ऐकलंय की बैलांचं जू याचं करत, जू शिंगांपाशी म्हणून हॉर्न.

रानवाट: जू करत, ते खरं. पण 'व्हाइटबीम'ही आहे, पानं खालून पांढरी म्हणून. तिथे कुठलं जू?

थेम्सकाठ: लंडनजवळ एपिंगच्या रानात ही झाडं रोज बघते. गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर सरपणासाठी फांद्या तोडत. १८७८च्या कायद्यानंतर ते बंद पडलं. बुंधा आखूड, गाठाळ आणि वर जाडजूड फांद्यांचा झुबका. आमच्या कोकणातलं, कवळ म्हणजे राबासाठी पानाळ फांद्या तोडलेलं ऐनाचं झाड डोळ्यांपुढे येतं.

संज्ञा: मग 'शृंगदारु' करा ना! दारु म्हणजे लाकूड, देवदार तसाच. इंग्रजी 'ट्री'सुद्धा त्याच मुळाचा.

आडगाव: बालकथेत दारु? पोरं काय वाचतील! हॉर्नबीमच ठेवा. गुलमोहर तरी कुठे आपला होता? मादागास्करचं झाड, नाव फारसी.

संज्ञा: गुलमोहर दारात फुलतो, म्हणून रुळला. हॉर्नबीम मुलांनी कधी पाहिलाय? न दिसणाऱ्या झाडाचं नाव तरी कळायला हवं. आणि दारुहळद घराघरांत होतीच की, तेव्हा कुणी बिचकलं नाही.

आडगाव: आमची आजी 'दारहळद' म्हणायची. सहाणेवर उगाळली की पिवळाधमक गंध निघायचा.

रानवाट: दारुहळदच बरोबर, संस्कृत दारुहरिद्रा.

आडगाव: आजीच्या तोंडचं चूक कसं? काष्ठौषधीच्या दुकानातही 'दारहळद' मागितली की मिळते.

नीलकंठी: उद्या हस्तलिखित द्यायचंय. हॉर्नबीमचं काय करू?

संज्ञा: 'दारहळद' म्हणाल तर देवदारातला 'दार'ही तोच, हे तरी मान्य करा.