दहा लाख वर्षांच्या मॉडेलवर किती भिस्त ठेवायची?

पाणाडी
अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन खोल कातळात पुरण्याला माझा विरोध नाही. फिनलंडमध्ये त्यासाठीच खोदलेल्या ओन्कालोचे बोगदे चारशे मीटरहून खोल गेले आहेत, ते चांगलंच आहे. माझा आक्षेप आहे तो सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मॉडेलचा, म्हणजे पुढे लाखो वर्षांत किती किरणोत्सर्ग बाहेर येईल याच्या संगणकी हिशेबाचा, आकडा पुढे करण्याला. अमेरिकेत असं इंधन पुरायला निवडलेल्या युक्का माउंटन या डोंगरासाठी आधी १०,००० वर्षं सुरक्षित राहण्याचा निकष होता. २००४ मध्ये न्यायालयाने तो अमान्य केला, २००८ मध्ये मुदत दहा लाख वर्षांवर गेली. मुदत शंभरपट झाली, पण डोंगर तोच आणि त्याबद्दलची माहितीही जवळपास तेवढीच. तिथल्या बोगद्यात अणुचाचण्यांच्या काळातलं क्लोरीन-३६ (क्लोरीनचं किरणोत्सर्गी रूप) आढळल्याचं जाहीर झालं, म्हणजे पावसाचं पाणी काही दशकांत सुमारे ३०० मीटर खाली उतरलं असणार. खडकातून पाणी संथ झिरपतं हे गृहीतकच त्यामुळे डळमळलं.

शिलालेख
क्लोरीनची गोष्ट अर्धी सांगितलीत. फेरतपासणीत दुसऱ्या गटाला ते सापडलं नाही, वाद मिटलेला नाही. मुख्य म्हणजे तुम्ही मॉडेलला भविष्यवाणी समजताय. त्याचं काम आहे, काय काय बिघडू शकतं ते शोधणं. स्वीडनने इंधन पुरायला निवडलेल्या फोर्समार्कचं बघा. तिथे इंधन तांब्याच्या डब्यांत ठेवायचं आहे. हिमयुग येऊन गेलं, वितळलेलं गोडं पाणी भेगांतून खाली शिरलं, त्याने डब्याभोवतीची बेंटोनाइट माती हळूहळू वाहून नेली, मग पाण्यातलं सल्फाइड थेट तांब्याला भिडलं आणि पाच सेंटिमीटरचं कवच खात गेलं. डबा फुटण्याची ही वाट मॉडेलनेच दाखवली. मोठी भेग आडवी जाते त्या खड्ड्यात डबा ठेवायचाच नाही, हा नियम अशी वाट अडवायलाही उपयोगी पडतो. आणि गॅबनमधल्या ओक्लोला सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तिथलं प्लुटोनियम जवळपास जागेवरच राहिलं. याहून लांब मुदतीचा प्रयोग कुठून आणायचा?

मृगजळ
ओक्लो टिकलं म्हणून आपल्याला दिसलं. जी ठिकाणं पाण्याने धुऊन नेली त्यांची मोजदाद कोण करणार? शिवाय प्लुटोनियमवर सगळी नजर लावून चालत नाही, ते मातीला चिकटतं. इंधनातलं किरणोत्सर्गी आयोडीन-१२९ चिकटत नाही, कारण त्याच्यावर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही. अर्धायुष्य १.५७ कोटी वर्षं. बऱ्याच मॉडेलांत शेवटी जमिनीवर पोचणारा डोस, म्हणजे माणसाला मिळणारा किरणोत्सर्ग, मुख्यतः त्याचाच निघतो.

शिलालेख
बरोबर, आणि तो डोस नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मानाने फार कमी निघतो, हेही सांगा की.

पाणाडी
निघतो, गृहीतकं खरी असली तर! ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तांबं गंजतं का, हा वाद स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेतून उठला, मॉडेलमधून नाही. २०१८ मध्ये स्वीडनच्या पर्यावरण न्यायालयाने डब्याबद्दलच्या शंका आधी दूर करा म्हटलं, तरी २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली. विज्ञानाच्या इतिहासकार नेओमी ओरेस्केस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडलं होतं की निसर्गातल्या खुल्या प्रणालीचं मॉडेल खरं ठरवताच येत नाही, फार तर निरीक्षणांशी जुळलं एवढंच म्हणता येतं. मग जाहीर करताना डोसच्या आकड्याआधी गृहीतकांची यादी द्या.

मृगजळ
यादीला माझाही पाठिंबा. पण तोवर इंधन वरच ठेवायचं, तर शेकडो वर्षं पहारा, पैसा आणि शाबूत सरकार गृहीत धरावं लागतं. त्यापेक्षा मला खडकाचं वागणं जास्त भरवशाचं वाटतं.

पाणाडी
मलाही. म्हणूनच ओन्कालोच्या बाजूने आहे. फक्त बोगदे बुजवल्यावरही भूजलाची तपासणी चालू ठेवा. मॉडेल चुकलं तर ते आधी तिथे कळेल.