फ्रीजशिवाय मे महिना: मडक्यात मडकं ठेवून भागतं का?

कोरडवाहू: अकोला, भाड्याची खोली, दोन माणसं. फ्रीज घ्यायचा नाही. कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकते, सकाळचं दूध संध्याकाळी नासतं. दोन मडक्यांमध्ये वाळू भरायचा प्रकार खरंच चालतो का? माप काय?

रांजण: चालतो, आणि तुमच्याकडच्या कोरड्या हवेतच चालतो. बाहेरचं मडकं साधं, बिनरंगाचं घ्या. शोभेच्या रंगवलेल्या माठाची छिद्रं बुजलेली असतात. तो पाझरत नाही, म्हणजे गार होत नाही. आतलं मडकं असं बघा की चहूबाजूंनी तीन बोटं जागा राहील. तळाला तेवढीच वाळू, नदीची, चाळून धुतलेली. आतल्याचा काठ वाळूच्या दोन बोटं वर हवा, नाहीतर पाणी घालताना आत ओघळतं. तोंडावर ओलं गोणपाट. पाणी सकाळ-संध्याकाळ, वाळू ओली राहील एवढंच.

बहुतेकांचं फसतं ते जागेमुळे. बंद कोपऱ्यात नको. तिवईवर, सावलीत, खिडकीच्या वाऱ्यात ठेवा.

खाडीकाठ: कोकणातल्यांनी मात्र हा खटाटोप करू नये. हवा 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने फार तर 22 अंशांच्या आसपास उतरता येतं, प्रत्यक्षात त्याहून दोन-चार अंश वरच. 33 अंश आणि 70 टक्के असेल तर 28 ला गाडी अडते. त्यापेक्षा कोथिंबीर मुळांसकट पेलाभर पाण्यात उभी करा.

कोरडवाहू: मग दूध त्यात ठेवू?

रांजण: नको. 25 अंशांना दूध टिकत नाही. अर्धा लिटरच आणा, आणल्यावर आणि संध्याकाळी उकळी काढा, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा, उष्टा चमचा बुडवू नका. रात्री उरेल त्याला विरजण. भात मोजूनच लावा. उरलेला भात रात्रभर उकाड्यात राहिला, तर सकाळी फोडणी देऊनही उपयोग नाही. त्यात तयार झालेलं विष उष्णतेने जात नाही.

मडक्यात वांगी, गाजर, पालक, देठ काढलेल्या मिरच्या. सगळं कोरडं, न धुता. कांदे-बटाटे ओलाव्याने सडतात, ते बाहेर टोपलीतच. पिकलेलं केळं पालेभाजीजवळ ठेवलं की पाला पिवळा पडतो.

कोरडवाहू: बाहेरून पांढरा थर धरला तर?

पाणवठा: खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं की तो धरणारच. क्षार छिद्रांत बसतात आणि महिन्याभरात गारवा उतरतो. नळाचं पाणी घाला. थर आलाच तर नारळाच्या काथ्याने घासा, साबण लावू नका, तो मातीत मुरतो. वाळूही काढून धुवा. खारी झालेली वाळू तशीच ठेवली तर थर आठवड्यात परत येतो.