मूळ हिब्रू न बघता ‘खून करू नको’वर वाद घालू नये

रेवसकरीण : अलिबागच्या आमच्या बायबल अभ्यासगटात दहा आज्ञांवरून फाशीचा विषय निघाला. एक काका म्हणाले, ‘आज्ञा खुनापुरतीच आहे, मराठीत स्वच्छ लिहिलंय.’ पण बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या २०:१३ मधला हिब्रू ‘रात्साह’ हा शब्द खुनापेक्षा मोठा आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात लाकडं तोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटून सोबतचा माणूस मेला, तरी मारणाऱ्याला त्याच धातूचा (मूळ क्रियापदाचा) शब्द लावलाय. अशांना आसरा मिळावा म्हणूनच तर शरणपुरं, म्हणजे आश्रयाची शहरं, होती. ‘गणना’ पुस्तकात ३५:३० मध्ये खुन्याच्या देहदंडालाही तोच धातू. म्हणजे फाशीही त्या शब्दात येते. पंडिता रमाबाई मराठी बायबलसाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या, आपण निदान कोश तरी उघडावा.

मुरुडवाला : अजिबात पटलं नाही. कोश उघडला की लोक पळवाटा शोधतात. यहोशवा ६ घ्या, यरीहो शहर जिंकल्याची गोष्ट. शत्रूचा समूळ नाश करण्याला तिथे ‘हेरेम’ म्हटलंय; त्याचा अर्थ ‘देवाला वाहिलेलं’ असं सांगितलं की सगळे निवांत. पण २१व्या वचनात पुरुष, बायका, पोरं, म्हातारे, गुरंमेंढरं, गाढवं, सगळी तलवारीने मारलीत. त्या लेकरांचं उत्तर कुठल्या धातूत आहे?

रेवसकरीण : अनुवाद ७ मध्ये हेरेमच्या आज्ञेला लागूनच ‘त्यांच्याशी सोयरीक करू नका’ आहे. सगळे मारायचेच तर सोयरीक कोणाशी?

मुरुडवाला : तिथे प्रश्न रास्त. यरीहोत नाही. इस्रायली हेरांना लपवणाऱ्या राहाबेचं घर वाचलं, बाकी गाव गेलं. ते वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा.

रेवदंडा_बेनेइस्रायल : आम्हा यहुद्यांत वचन एकटं वाचत नाहीत. तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, देहदंड आहेच. पण मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, त्याच्या मक्कोत भागात, ७ वर्षांत एकाला देहदंड देणाऱ्या न्यायसभेला ‘संहारक’ म्हटलंय. त्यातले धर्मगुरू एलाझार बेन अजर्या म्हणतात, ७० वर्षांत एकाला दिला तरी. तार्फोन आणि अकिवा हे धर्मगुरू म्हणतात, आम्ही असतो तर कोणालाच दिला नसता. त्यावर शिमोन बेन गमलिएल लगेच सुनावतात, अशाने इस्रायलात रक्त सांडणारे वाढतील! हा वाद न मिटवता जपून ठेवलाय. आमची शतकं त्यावर बोलण्यात गेली. कोशात हे कुठे मिळणार?

वसईकर : ग्रीकचंही तेच. मत्तय १०:३४ मध्ये येशू म्हणतो, मी शांती नाही, तलवार आणायला आलो; तिथली ग्रीक ‘माखायरा’ तलवार की सुरी, यावर लोक तासन्‌तास भांडतात. लूक १२:५१ मध्ये त्याच बोलण्यात तलवारीच्या जागी सरळ ‘फूट’ आहे, पुढे बापलेक, मायलेकी, सासूसुना. मराठीतच कळतं.

रेवसकरीण : मक्कोतचं पटलं, पुढच्या बैठकीत वाचून दाखवेन. पण माझ्या मुद्द्याला उत्तर द्या. आज्ञा खुनापुरतीच, तर देहदंडाला तोच शब्द का?

मुरुडवाला : त्याच्या खालचं वचन वाचा. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका, त्याला मारलंच पाहिजे, असं ३५:३१ मध्ये आहे. शब्द कितीही मोठा असो, त्याने तिथे देहदंड थांबलेला नाही. मीही फाशीच्या विरोधातच आहे, पण त्याचं कारण मला ‘रात्साह’मध्ये सापडत नाही.