जुन्या एक्सपी संगणकासाठी छोटी सॉफ्टवेअर कोणती वापरावीत, आणि आधी काय करावे?

मुद्रणघर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांनी २००३ पासून बारा-तेरा वर्षे तालुक्याच्या गावी डीटीपीचे काम केले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक हे सगळे एकाच संगणकावर झाले आणि तो संगणक अजून आमच्या घरी आहे. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई (जुन्या, रुंद पट्टीच्या जोडणीची) हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी असे त्याचे स्वरूप आहे. मागच्या समांतर पोर्टला त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरचे लॉक लावलेले आहे आणि ते काढले की सॉफ्टवेअर उघडतच नाही.

पुढच्या वर्षी वाचनालयाला पंचाहत्तर वर्षे होत आहेत आणि जुन्या अंकांतील निवडक लेख पुन्हा छापायचे ठरले आहे. त्यांपैकी बऱ्याच अंकांची छापील प्रतही आता कोणाकडे उरलेली नाही. जे आहे ते या डिस्कवरच आहे. संगणक सुरू व्हायला अकरा मिनिटे लागतात, दर वेळी तारीख १ जानेवारी २००२ अशी दिसते आणि 'दिवाळी' नावाचा फोल्डर उघडताना आतून टक्-टक् असा आवाज येऊन सगळे काही क्षण थांबते. गावातील एका दुरुस्तीवाल्यांनी वेग वाढवणारे म्हणून एक सॉफ्टवेअर घालून दिले. ते शेकडो दोष सापडल्याचे सांगते आणि दूर करण्यासाठी पैसे मागते. त्यानंतर त्यांनी फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला, तो मी मानलेला नाही.

अशा जुन्या संगणकावर चालणारी, हलकी आणि विश्वासाची सॉफ्टवेअर कोणती, आणि ती कोणत्या क्रमाने वापरावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चुंबकपट्टी यांचे उत्तर

आपण फॉरमॅट केले नाही, हे फार चांगले केले. हे उत्तर वाचल्यावर संगणक विनाकारण सुरू करू नये, अशी विनंती आहे, कारण टक्-टक् आवाज आणि फोल्डर उघडताना होणारा खोळंबा ही दोन्ही लक्षणे डिस्क झिजत असल्याची आहेत. अशा डिस्कला आता मोजकेच तास उरलेले असू शकतात आणि ते तास वेग वाढवण्यात नव्हे, नक्कल काढण्यात खर्च व्हायला हवेत.

डिस्कच्या प्रकृतीची खातरजमा एकदाच करून घ्यावी. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या छोट्या सॉफ्टवेअरची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि पेन ड्राइव्हमधूनच चालवावी. डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे डिस्कने बाद ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. शेवटच्या रकान्यातील आकडे दहाऐवजी सोळा हा पाया धरून (हेक्स पद्धतीने) लिहिलेले असतात, म्हणून तेथे १८ दिसले तर त्याचा अर्थ चोवीस होतो. पुष्कळ जण हा आकडा तसाच वाचतात.

त्यानंतर संगणक बंद करून डिस्क बाहेर काढावी. आयडीईचे यूएसबी करणारा अडॅप्टर मिळतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तेव्हा तो ज्याच्यासोबत येतो तोच अडॅप्टर घ्यावा. डिस्कच्या पाठीमागे पिनांवर बसवलेली लहानशी टोपी मास्टर या जागी असावी. अडॅप्टर नव्या संगणकाला जोडून तो पेन ड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करावा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने संपूर्ण डिस्कची एकसंध प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. जेथे प्रतिमा ठेवायची ती डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

या साधनाची खुबी अशी की ते अडलेल्या जागी डोके आपटत बसत नाही. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारे सगळे उचलते, खराब भाग ओलांडून पुढे जाते आणि काय घेतले, काय राहिले याची नोंद एका वेगळ्या नकाशा-फाइलीत ठेवते. वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबावे लागले, तरी त्या नोंदीमुळे काम जेथे सोडले तेथूनच पुढे सुरू होते. म्हणून पहिली फेरी पूर्ण झाल्याशिवाय राहिलेल्या सेक्टरांमागे लागू नये. निरोगी डिस्क अशा अडॅप्टरवरून सेकंदाला २५ एमबीच्या वेगाने वाचली गेली, तर ४० जीबीला सुमारे अर्धा तास लागतो. आपली डिस्क कदाचित रात्रभर घेईल, तेव्हा तिच्यावर छोटा पंखा सोडून ठेवावा.

दुरुस्ती म्हणून एक्सपीतील चेकडिस्क मात्र चालवू नये. ती सगळे सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लावते, शिवाय मूळ डिस्कवरच फेरफार लिहिते. तुटक फाइली वेगळ्या फोल्डरात भलत्याच नावांनी जमा झाल्या की कोणता लेख कोणत्या अंकाचा हे शोधणे अवघड होते.

प्रतिमा हाती आली की ती उघडण्यासाठी दुसरे काही मोठे लागत नाही. इगोर पावलोव यांचे सेव्हन-झिप आपण फक्त फाइली आवळण्यासाठी वापरतो, पण ते डिस्कची प्रतिमाही उघडते आणि आतील फोल्डर जसेच्या तसे दाखवते. त्यातून हवे ते बाहेर ओढून घ्यावे. एखादा फोल्डर हरवलेला आढळला, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांची टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन साधने त्या प्रतिमेवर चालवावीत, मूळ डिस्कवर नव्हे.

साधेयंत्र यांचे उत्तर

चुंबकपट्टी यांनी सांगितलेला क्रमच योग्य आहे. नक्कल सुरक्षित झाल्यानंतर तो संगणक लॉकसाठी चालू ठेवावा लागणार असेल, तर त्याविषयी थोडे लिहितो.

वेग वाढवणारे सॉफ्टवेअर काढून टाकावे. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) जुन्या नोंदी पुसल्याने संगणकाला पळ येत नाही. आपल्या संगणकाच्या मंदपणाचे एक खरे कारण मात्र एक्सपीतच दडलेले असू शकते. आयडीई डिस्ककडून उत्तर येण्यात सहा वेळा चूक झाली, की एक्सपी त्या वाहिनीला डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याच्या) पद्धतीवरून पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरवते आणि आपणहून परत वर आणत नाही. पीआयओमध्ये प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, त्यामुळे पेंटियम ४ सुद्धा साधा फोल्डर उघडताना दमतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रगत सेटिंगमध्ये सध्याची पद्धत लिहिलेली असते. तेथे पीआयओ दिसले, तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. एक्सपी ते नव्याने ओळखते आणि डीएमए परत येते. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. अर्थात हे चांगल्या डिस्कवर करायचे काम आहे. झिजलेली डिस्क पुन्हा चुका करील आणि पुन्हा पीआयओवर येईल.

तारीख मागे जाते, ती मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे. ती बदलावी.

सॉफ्टवेअर उतरवण्यासाठी हा संगणक इंटरनेटला जोडू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आणि त्यातील इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या संकेतस्थळांची सुरक्षित जोडणी समजतच नाही, त्यामुळे बरीच पाने उघडणारही नाहीत. हवे ते दुसऱ्या संगणकावर, मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. पेन ड्राइव्ह मोठा असेल तर तो बहुधा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि एक्सपी तो वेगळ्या अपडेटशिवाय वाचत नाही. आठ-सोळा जीबीचा फॅट३२ पेन ड्राइव्ह यासाठी ठेवून द्यावा आणि तो दर वेळी नव्या संगणकावर तपासून घ्यावा, कारण त्या काळचे पेन ड्राइव्हमधून आपोआप सुरू होणारे विषाणू जुन्या डिस्कवर अजून झोपलेले असतात.

मी स्वतः एक्सपीवर फार थोडी साधने ठेवतो. इरफान श्किल्यान यांचे इरफानव्ह्यू १९९६ पासून आहे आणि घरगुती वापरासाठी मोफत आहे. स्कॅन केलेली पाने पाहणे, फिरवणे, शेकड्याने आकार बदलणे ही सगळी कामे ते ५१२ एमबीत निवांत करते. त्याच्या सोबतीला सेव्हन-झिप. आणि संगणक सुरू होताना काय काय आपोआप उठते हे दाखवणारे ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सिसइंटर्नल्सच्या नावाने असली साधने लिहिली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपल्याकडे घेतली. ऑटोरन्समधील ओळ पुसून टाकू नये, फक्त तिच्यासमोरची खूण काढावी. चूक झाली तर खूण परत लावता येते.

मुद्रणघर

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल सी५ समोर १८ होते, म्हणजे चोवीस सेक्टर, आणि ०५ समोर त्याहून पुष्कळ जास्त. डिस्क काढून अडॅप्टरवर घेतली. पहिली फेरी रात्री दहाला सुरू केली, ती पहाटे साडेचारला संपली आणि मी तोवर जागाच होतो. नंतरच्या फेऱ्यांनंतर अवघे काही केबी वाचायचे राहिले. सेव्हन-झिपमध्ये प्रतिमा उघडली तेव्हा 'दिवाळी' फोल्डरमध्ये २००४ पासूनचे सगळे अंक दिसले. वडिलांना बोलावून दाखवले, तेव्हा त्यांनी एकेका फाइलचे नाव मोठ्याने वाचले.

आता दुसरी अडचण आली आहे. पाने लावण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या फाइली आहेत, पण त्यातील मजकूर नव्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा ढीग दिसतो. मजकूर खराब झाला आहे का?

खिळेजुळणी यांचे उत्तर

मजकूर शाबूत आहे, काळजी करू नये. मी पंचवीस वर्षे हेच काम करीत आलो आहे.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आले होते, परंतु डीटीपीतील फॉन्ट त्याप्रमाणे बांधलेले नव्हते. प्रत्येक कंपनीने आठ बिटांच्या फॉन्टमधील २५६ घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने काना, वेलांटी, अर्धी अक्षरे बसवली. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच होती, मराठी दिसायची ती फक्त त्या फॉन्टमुळे. म्हणून सर्वांत आधी प्रतिमेतील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सगळे मराठी फॉन्ट काढून अंकांच्या फाइलींसोबत ठेवावेत. ते हरवले तर फाइली असून नसल्यासारख्या होतील. लॉक सहसा टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला लागते. नुसते पान पाहायला फॉन्ट पुरतात.

मग प्रत्येक अंकाची पीडीएफ करावी. जुन्या संगणकाला दुसरी चांगली डिस्क मिळाली, तर पेजमेकरमधून पीडीएफ प्रिंटरवर छापावे आणि फॉन्ट फाइलीतच समाविष्ट करावेत, म्हणजे वडिलांनी लावलेले पान हुबेहूब राहील. ते शक्य नसेल, तर २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून लिबरऑफिस पेजमेकरच्या फाइली उघडते. मांडणी थोडी हलते, पण मजकूर हाती येतो.

पुन्हा छापण्यासाठी युनिकोड, म्हणजे आजच्या सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत, लागेल आणि खरे कष्ट येथे आहेत. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना डोळ्याला दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी आणि मग क नोंदला जाई. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क आणि मग वेलांटी असते. रफाराचेही तसेच: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. रूपांतर करणारी छोटी साधने हा क्रम उलटवतात, पण ती नेमक्या आपल्याच फॉन्टसाठी केलेली असावी लागतात. हिंदी फॉन्ट डोळ्यांपुढे ठेवून केलेले साधन मराठीतला अर्धा ऱ ओळखत नाही आणि मग 'आचाऱ्यांना' जेवण वाढले त्याचे 'आचार्यांना' होते, 'दऱ्या' होत्या तेथे 'दर्या' येतो. असे शब्द शुद्धलेखन तपासणीत सापडत नाहीत, कारण दोन्ही रूपे बरोबर आहेत. पीडीएफ शेजारी उघडून, एक माणूस मोठ्याने वाचणारा आणि एक पाहणारा, अशी मुद्रिते तपासावीत. आमच्या छापखान्यात ही रीत खिळ्यांच्या काळापासून होती आणि आजही तिच्याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आपल्या फाइलींत फॉन्टचे नाव काय दिसते ते कळवावे. त्या फॉन्टच्या कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याचा तक्ता माझ्याकडे असेल तर पाठवतो.

मुद्रणघर

नाव डीव्हीबी-टीटी योगेश असे आहे, काही शीर्षकांना दुसरा फॉन्ट आहे, तो वडिलांना विचारून सांगतो. फॉन्ट्स फोल्डर वेगळा काढला आणि प्रतिमेची दुसरी प्रत धाकट्या भावाच्या घरी ठेवली. वाचण्याचे काम वडील करणार आहेत. २००४ च्या अंकापासून रविवारी सुरुवात करतो.

खिळेजुळणी

योगेशचा तक्ता माझ्याकडे आहे. आज रात्री व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. त्यात अर्ध्या ऱ च्या ओळी मी हाताने भरलेल्या आहेत, तरी पहिली चार पाने रूपांतरित करून मला दाखवावीत आणि मगच पुढे जावे.