मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी छोटी गाडी
छोटी गाडी घ्यायचीय, पण सगळे व्हिडिओ मायलेज आणि टचस्क्रीनवरच म्हणून इथे विचारतेय. आईचे गुडघे दुखतात, सीट खाली असली की ती आधी दार घट्ट धरते, पाठमोरी होऊन बसते आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते, बघवत नाही. म्हणून सीटची उंची आणि रुंद उघडणारं दार हे आधी, बाकी सगळं नंतर. उंच हॅचबॅक बरी की छोटी एसयूव्ही? एसयूव्हीत चढावं लागतं ना.
डिकीत घडीची व्हीलचेअर मावली पाहिजे, नुसत्या लिटरच्या आकड्यावरून कळत नाही कारण डिकीचं तोंडच अरुंद असलं तर काय उपयोग, आणि सीएनजी घेतली तर बऱ्याच गाड्यांत टाकीच डिकी खाते.
रोजचं ट्रॅफिक आहे म्हणून ऑटोमॅटिक हवी, एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर मशीन सांभाळतं) स्वस्त पण गिअर बदलताना झटके देते, सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक) स्मूथ पण महाग, तर हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडला की गाडी क्षणभर मागे न जाऊ देणारी सोय) असेल तर चढावर एएमटीने भागतं का? ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग्ज मात्र हव्यातच.
ज्यांच्या घरी असं कोणी रोज चढतं-उतरतं त्यांनी प्लीज सांगा, कुठली गाडी घेतलीत?