वयाच्या ४१व्या वर्षी दहावी: रात्रशाळा, १७ नंबरचा अर्ज की वाचनालयातला अभ्यासवर्ग?

विचारणा: बांधणी कामगार, पुणे

नमस्कार. मी गेली २३ वर्षे एका छापखान्याच्या बांधणी खात्यात काम करतो. १९९८ साली आठवी उत्तीर्ण झालो आणि नववीत असताना वडिलांच्या आजारपणामुळे शाळा सुटली ती सुटलीच. दरवर्षी दहावीच्या मार्गदर्शक पुस्तकांचे फर्मे (छापून आलेले मोठे ताव) माझ्या हाताखालून जातात. घड्या घालताना आणि पानांचा क्रम जुळवताना मी ती पाने वाचत असतो. मराठी आणि इतिहास समजतो, पण बीजगणिताचे पान आले की नजर पृष्ठक्रमांकापुढे सरकत नाही.

आता मला दहावी व्हायचे आहे. बढतीचा प्रश्न आहेच, पण मुलगी यंदा सातवीत गेली आहे आणि तिच्या वहीत काय लिहिले आहे ते मला कळावे, ही इच्छा त्याहून मोठी आहे. घरापासून अर्ध्या तासावर रात्रशाळा आहे. खाजगीरीत्या १७ नंबरचा अर्ज भरून परीक्षा देता येते, असेही ऐकतो. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी काही प्रौढ मंडळी एकत्र अभ्यासाला बसतात, त्यांनीही मला बोलावले आहे. यांतले काय निवडावे? आणि गणिताचे काय करावे?

उत्तर १: निवृत्त रात्रशाळा शिक्षक

आपली विचारणा वाचून फार बरे वाटले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या राहत्या घरी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. त्याच शहरात आपण हा प्रश्न विचारत आहात, याचे मला विशेष वाटते.

रात्रशाळेत रोज शिक्षक समोर असतो, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र आठवी उत्तीर्ण असल्याने आपल्याला नववीत बसावे लागेल, म्हणजे दोन वर्षे, आणि तीही जवळजवळ रोजची हजेरी. आपल्या पाळ्या बदलत असतील तर हे जमेल का, याचा विचार आधी करावा. मी जी प्रौढ मुले गळताना पाहिली (मी त्यांना मुलेच म्हणत असे), ती अभ्यास झेपला नाही म्हणून फारच क्वचित गळली. कामामुळे आठ-दहा दिवस चुकले, परत वर्गात शिरायला संकोच वाटला आणि कोणी बोलावायला गेले नाही, असेच बहुतेकांचे झाले.

गणिताची सुरुवात दहावीच्या पुस्तकापासून मुळीच करू नका. पाचवी ते सातवीची पुस्तके घ्या आणि अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर एवढे पक्के करा. खरे तर अपूर्णांक आपल्या हातात आहेतच. एक ताव तीनदा दुमडला की आठ पाने होतात आणि सोळा पृष्ठे मिळतात, हे आपण रोज करता. दोनचा तिसरा घात आठ, हे त्याच घडीचे गणिती लेखन आहे. दोनशे पृष्ठांच्या पुस्तकाला असे सोळा पृष्ठांचे साडेबारा फर्मे लागतात, हा हिशेब आपण तोंडी करत असाल, तर त्यातली फर्म्यांची संख्या अज्ञात मानून तिला क्ष म्हणा: १६क्ष = २००. हे समीकरण झाले.

उत्तर २: शिवणकाम करणारी गृहिणी, सातारा जिल्हा

मी ४७व्या वर्षी १७ नंबरचा अर्ज भरून दहावी झाले, म्हणून अनुभवाचे लिहिते.

पहिले काम शाळा सोडल्याचा दाखला मिळवणे हे आहे, अभ्यास त्यानंतर. माझ्या जुन्या शाळेत मला तीनदा परत पाठवले, कारण जनरल रजिस्टरचे (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचे) ते वर्ष सापडत नाही, असे सांगत. चौथ्या वेळी मी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा दाखला घेऊन गेले, तेव्हा तिच्या नोंद क्रमांकाच्या आसपास माझे नाव निघाले. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, त्यासाठी विवाह नोंदणीचा कागद काढण्यात आणखी दिवस गेले. अर्जाच्या तारखा मंडळ जाहीर करते आणि त्या उलटल्या की वर्ष हातचे जाते, त्यामुळे या कामाला आजच लागा. अर्ज करताना जी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, तिथे अंतर्गत गुणांचे काम वेळेवर द्यावे लागते, हेही विसरू नका.

आम्ही सात जणी समाजमंदिरात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री आठला बसत होतो. निवृत्त झालेले एक गुरुजी गणित घेत, गल्लीतली कॉलेजात जाणारी मुलगी इंग्रजी घेई आणि इतिहास आमच्यापैकीच एकीने मोठ्याने वाचायचा, असे ठरलेले होते. दिवाळीनंतरच्या सराव चाचणीत मला गणितात नऊ गुण मिळाले आणि मी जाणे बंद केले. तिसऱ्या दिवशी दोघी जणी घरी आल्या. मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. त्या काही न बोलता बसून राहिल्या, एकीने माझ्या कपड्यांना हातशिलाई करून दिली आणि काम संपल्यावर मला बरोबर घेऊनच उठल्या. मंडळाच्या परीक्षेत मला गणितात ३८ मिळाले. एकटी घरात बसून मी ही परीक्षा कधीच दिली नसती, म्हणून अर्ज कोणताही भरा, पण त्या वाचनालयात जाऊन बसा.

आमच्या सासऱ्यांना अक्षरओळख १९५९ साली याच जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत झाली होती. तेव्हाही गावातली शिकलेली माणसे संध्याकाळी बाकीच्यांना घेऊन बसत, असे ते सांगत.

उत्तर ३: मुक्त शिक्षण केंद्रातील स्वयंसेवक, ठाणे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक पर्याय राहिला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी मराठी माध्यमातून देता येते. तिथे पाच विषय लागतात, ते एकेक करून पाच वर्षांच्या मुदतीत उत्तीर्ण होता येतात आणि गणित घेण्याची सक्ती नाही. ज्यांना बाळंतपण, शेतीचा हंगाम किंवा फिरती नोकरी यांमुळे सगळे विषय एकदम देणे शक्य नसते, त्यांना मी आग्रहाने हाच मार्ग सुचवतो.

आपल्याला मात्र मी गणित सोडा असे सांगणार नाही. मुलीच्या वहीत काय लिहिले आहे ते कळावे, असे आपण स्वतःच लिहिले आहे, आणि त्या वहीत पुढच्याच वर्षी बीजगणित वाढणार आहे.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. छापखान्यात हंगामात रात्रपाळी लागते, त्यामुळे रात्रशाळा मला निभणार नाही. १७ नंबरचा अर्ज भरायचा आणि अभ्यास वाचनालयात करायचा, असे ठरवले आहे. ताईंचे वाचून दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकली आणि गावी जाऊन दाखल्यासाठी अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांनी बोलावले आहे.

काल पहिल्यांदा वाचनालयात बसलो. आम्ही पाच जण होतो. रात्रशाळेच्या गुरुजींनी वर सांगितलेले मनात होते म्हणून कामावरून एक कोरा ताव मागून नेला होता. तो तीनदा दुमडून पृष्ठक्रमांक घातले आणि एक ते सोळा कसे येतात ते सर्वांना उलगडून दाखवले. मग भाजीची गाडी लावणाऱ्या एका काकूंनी विचारले की चौथ्यांदा दुमडले तर किती, आणि फळ्यावर जाऊन मी ते लिहिले.