आयलेस माश्यांना डोळे परत आले आहेत; वाण भेसळ झाला असे समजावे का?

प्रश्न (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, बडोदे)

नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या ‘आयलेस’ (म्हणजे ‘डोळे नसलेला’) या उत्परिवर्ती वाणाच्या बाटल्या दोन वर्षांपासून मक्याचे पीठ, गूळ आणि अगर यांच्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. (आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी ती निराळी, ही खंडेराव मार्केटात पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे.) सुरुवातीला ईथर देऊन माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरल्या की एखादीला डाव्या बाजूस नुसता लाल ठिपका आणि उजव्या बाजूस तोही नाही, असे सर्रास दिसे. आता दहातील सात-आठ माश्यांचे डोळे जवळजवळ पूर्ण आहेत. बाहेरच्या माश्या आत शिरल्या असाव्यात, बाटल्या टाकून द्या, असे मला सांगण्यात आले आहे. दुसरे काही कारण संभवते का?

उत्तर १

तापमान पाहिलेत का? बडोद्याच्या मे महिन्यात रात्री वातानुकूलन बंद राहिले, तर डोळ्यांच्या आकारात फरक पडणारच.

उत्तर २ (निवृत्त अध्यापक, ग्वाल्हेर)

वरील उत्तरात दोन उत्परिवर्तनांची गल्लत झाली आहे. तापमानाचा तो प्रसिद्ध परिणाम ‘बार’ या उत्परिवर्तनाचा आहे. ते एक्स गुणसूत्रावरील एका तुकड्याच्या द्विरावृत्तीमुळे घडते, आणि त्यात तापमान वाढले की नेत्रिका (माशीच्या संयुक्त डोळ्याचे छोटे घटक) कमी होतात, म्हणजे आपल्या निरीक्षणाच्या नेमके उलट. आयलेस हे जनुक चिमुकल्या चौथ्या गुणसूत्रावर असून त्याचे उत्परिवर्तन अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच दिसते.

आपल्या बाटलीत जे घडले, ते फार जुने कोडे आहे आणि ड्रोसोफिलावर काम करणारे जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांनीही त्याची नोंद केली होती. आयलेस माश्यांपैकी ज्यांचे डोळे त्यातल्या त्यात मोठे, त्या जगण्यात व मीलनात किंचित सरस ठरतात. त्यामुळे डोळा भरून काढणारी इतर गुणसूत्रांवरील रूपांतरक जनुके पिढीगणिक साचत जातात आणि मूळ उत्परिवर्तन जागच्या जागी राहूनही माशी धडधाकट दिसू लागते. बाटल्या मुळीच टाकू नयेत.

पडताळा सोपा आहे. वाणातील पूर्ण डोळ्यांची एकेक कुमारी मादी वेगवेगळ्या नळीत वन्य (उत्परिवर्तन नसलेल्या) नराबरोबर ठेवावी. पहिल्या पिढीत सर्वांचे डोळे नीट दिसतील. त्याच नळीतील भावंडांचा संकर करून दुसरी पिढी मोजावी. मादी खरोखरच आयलेस असेल, तर रूपांतरक विखुरले जाऊन सुमारे चतुर्थांश संततीत, किंवा त्याहून थोड्या कमी, खुजे डोळे पुन्हा उमटतील. ती बाहेरून आलेली असेल, तर एकही दिसणार नाही. ती संकरज (एक प्रत आयलेसची, एक वन्य) असेल, तर प्रमाण सोळाव्या भागाच्या आसपास राहील.

प्रश्नकर्ती

सर, आभारी आहे. एक शंका: डोळे ‘नसण्याचे’ जनुक डोळा घडवते, असे पुस्तकात कसे काय म्हणतात?

उत्तर ३

जनुकाला नाव बिघाडावरून पडले. 1915 मध्ये मिल्ड्रेड होग यांनी या उत्परिवर्तनाचे वर्णन केले, तेव्हा जनुकाचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. 1994 मध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या बाझेलमधील प्रयोगशाळेने दाखवले की, हे जनुक उंदराच्या ‘स्मॉल आय’ आणि माणसाच्या ॲनिरिडिया (डोळ्यातील बुबुळाचा रंगीत पडदा नसणे) या विकाराशी संबंधित पॅक्स-6 जनुकाचेच भाऊबंद आहे. पुढच्या वर्षी त्यांनी ते माशीच्या पायांत, पंखांत व शृंगिकांत सक्रिय केले, तर तिथेही डोळे उगवले. उंदराचे जनुक वापरले तरी डोळा मात्र माशीचाच, नेत्रिकांचा.

आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. आयलेसच्या नेहमीच्या वाणांपैकी ईवाय-2 मध्ये प्रथिनाची संहिता शाबूत असते. एक चल डीएनए-खंड घुसल्याने केवळ डोळ्यातील अभिव्यक्तीचे नियंत्रण बिघडलेले असते. उरलेल्या कार्याला रूपांतरकांनी हात दिला की डोळा भरतो. आपल्या बाटलीवर कोणता विकल्प (जनुकाचे रूप) लिहिला आहे, ते मात्र आधी पाहावे.

प्रश्नकर्ती

चिठ्ठीवर ईवाय-2 असेच आहे. बारा नळ्या लावते आहे.

उत्तर २

कुमारी माद्या निवडताना 25 अंशांवर कोषातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या कराव्यात. सकाळी बाटली पूर्ण रिकामी करावी आणि दुपारी निघालेल्या माद्याच घ्याव्यात. रात्रभर नरांसोबत राहिलेली मादी घेतली, तर संकराची सारी गणना फुकट जाते.